पुढचे चार दिसतात, मागचे चार राहतात

मामांना विचारा : वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधली उत्तरं

या महिन्यात प्लगचीच (इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग) पत्रं जास्त आली बघा, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचं रडगाणं एकच, प्लग आहे पण हात पोचत नाही. म्हणून बाकीचे प्रश्न (टायर, बॅटरी, एसीचा वास) पुढच्या महिन्यावर ढकलले, रागावू नका. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते लांबणारच होतं.

प्रश्न : नमस्कार मामा. माझ्याकडं २००६ ची होंडा सिटी झेडएक्स आहे, मागच्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. दोन महिने झाले तुळजापूरला जाताना घाट लागला की थर्डमध्ये गचके देते, सपाट रस्त्यावर ठीक चालते पण अॅव्हरेजपण उतरलंय. एका गॅरेजला दाखवली, त्यांनी प्लग गेलेत म्हणून चार प्लग बदलले, दोन दिवस बरं वाटलं आणि परत तेच. आता स्टाफरूममधला मित्र म्हणतोय की तुझ्या गाडीला आठ प्लग आहेत. मला वाटलं थट्टा करतोय, चार सिलिंडरला आठ प्लग कसे असतील? आणि असले तर बाकीचे कुठं आहेत, बोनेट उघडून मला तरी दिसले नाहीत. घरी स्वतः बदलता येतील का?
— एक शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, मित्राला चहा पाजा, तो बरोबर सांगतोय.

आधी एवढं बघा की इंजिनच्या वरच्या कव्हरवर आय-डीएसआय लिहिलंय का. २००३ ते २००८ या काळातल्या सिटीला आपल्याकडं दोन पेट्रोल इंजिनं यायची, दोन्ही दीड लिटरची. एक ७७ बीएचपीचं आय-डीएसआय आणि दुसरं नंतर आलेलं व्हीटेक. व्हीटेकला चारच प्लग. आय-डीएसआयला मात्र एका सिलिंडरला दोन, म्हणजे आठ प्लग आणि आठ कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी). कशासाठी, तर आतलं पेट्रोल-हवेचं मिश्रण एका बाजूनं पेटवण्याऐवजी दोन बाजूंनी पेटवायचं, म्हणजे जाळ लवकर पसरतो, कमी पेट्रोलवर काम भागतं. दोन्ही ठिणग्या दरवेळी एकदम पडत नाहीत, इंजिनचा वेग आणि लोड बघून कॉम्प्युटर पुढंमागं करतो. कागदावर फार सुंदर काम आहे, आणि खरंच या गाड्यांनी अॅव्हरेजचं नाव काढलं. फक्त ज्यानं डिझाइन केलं त्याला ते मागचे चार प्लग रस्त्याकडेला बसून कधी बदलावे लागले नसावेत.

कारण पुढचे चार बोनेट उघडलं की समोर, दहा मिनिटांचं काम. मागचे चार इंजिनच्या मागच्या अंगाला, काचेच्या खाली जो पत्रा येतो त्याच्या पोटात. वायपर जिथं बसलेत ना, ती काळी प्लॅस्टिकची जाळी, तिच्या खाली. वरून बघितलं तर काही दिसत नाही, हात घातला तर मनगटापर्यंत जातो आणि अडकतो.

आता तुमच्या गॅरेजवाल्यानं काय केलं ते मी बघितलेलं नाही, पण चार प्लग बदलले म्हणजे कुठले चार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि गाडी तरीपण चालत राहते हीच यातली खरी मेख आहे. साध्या गाडीत एक प्लग मेला की तो सिलिंडर मेला, गाडी थरथरायला लागते, लहान पोरगंसुद्धा सांगतं काहीतरी बिघडलंय. तुमच्या गाडीत मागचा मेला तरी पुढचा पेटवतोय. दोन बैलांची गाडी समजा, एक बैल अंग टाकून नुसता बरोबर चालतोय, सपाट रस्त्याला कुणाला कळत नाही, घाट लागला की कळतं. तुम्हाला तुळजापूरच्या घाटातच कळलं ते त्यामुळं. पुढचे नवीन टाकल्यावर दोन दिवस बरं वाटलं तेही त्यामुळंच.

गॅरेजवाल्याची बाजूपण सांगतो, कारण मी त्याच जातीचा. मागचे चार करायचे तर अर्धा दिवस जातो, गाडी जागा अडवून बसते, आणि गिऱ्हाईक म्हणतं प्लग बदलायचे किती घेता, शेजारचा तर दोनशे घेतो. मग काही जण पुढचे चार टाकून बिल फाडतात. चूकच आहे ते, मी समर्थन करत नाही, पण आठ प्लगची मजुरी चार प्लगच्या भावात मागितली की असं होतं. गाडी टाकतानाच सांगा की मागचे चार पण करायचे, वायपरची जाळी काढायला लागणार हे मला माहीतंय, मजुरी त्या हिशोबानं देतो, आणि जुने आठ प्लग पिशवीत घालून द्या. आठ मोजून घ्या.

घरी करायचंय म्हणता तर करता येतं, हात सफाईदार पाहिजे आणि रविवार मोकळा पाहिजे. मी कसं करतो ते सांगतो.

पहिली अट गार इंजिन. गार म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी. सोलापूरचा मे महिना, ४३-४४ वर पारा, बोनेटवर पापड वाळतील, तेव्हा सकाळी सहाला सुरू करा आणि दहाच्या आत आटपा. नुसतं हात भाजायचं म्हणून नाही सांगत. हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा, गरम असताना जोर लावला तर नरम आटे प्लगबरोबर निघून येतात. मी शिकत होतो तेव्हा एका मारुती ८०० वर हे करून बसलोय, गाडी हायवेवरून नुकतीच आलेली, मालकांना घाई, मी म्हटलं काढतो पटकन. प्लग निघाला तो चांदीच्या स्प्रिंगसारखी तार गुंडाळूनच निघाला. ती तार म्हणजे हेडचे आटे. उस्ताद काहीच बोलले नाहीत, नुसतं बघितलं माझ्याकडं, ते अजून लक्षात आहे, बोलले असते तर विसरलो असतो कदाचित.

तर बॅटरीची निगेटिव्ह काढा. वायपरच्या दांड्या काढायच्या, टोपीखाली नट असतो. काढायच्या आधी काचेवर वायपर जिथं टेकतो तिथं चिकटपट्टी लावून खूण करा, नाहीतर परत बसवताना एक वायपर काचेच्या बाहेर जाऊन खांबाला आपटतो. दांडी वर्षानुवर्षांच्या धुळीनं जाम झालेली असते, हातोडी मारू नका, खाली काच आहे, नट दोन आटे ठेवून हळूहळू डावी-उजवीकडं हलवत राहा, सुटते. मग ती प्लॅस्टिकची जाळी. तिच्या क्लिपा उन्हानं बिस्किट झालेल्या असतात, निम्म्या तुटणार हे धरूनच चाला आणि नवीन क्लिपांचं पाकीट आधी आणून ठेवा. जाळी निघाली की खाली काय सापडतं बघा, लिंबाची पानं, मुंगळ्यांची वस्ती, एका गाडीत मला अख्खं चिमणीचं घरटं सापडलंय. ते सगळं हातानं उचला, खाली ढकलू नका. त्याखाली पत्र्याचा ट्रे, वायपरची मोटर आणि सांगाडा, ते पण बाजूला घ्यावं लागतं. नट-बोल्ट ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं एका पुठ्ठ्यावर टोचून ठेवा, डब्यात टाकले तर संध्याकाळी दोन उरतात आणि रात्रभर झोप लागत नाही.

आता मागच्या चार कॉइल दिसतात. प्रत्येक कॉइलचं कनेक्टर दाबून काढायचं, ओढून नाही, इतक्या वर्षांत त्याची खिटी ठिसूळ झालेली असते. काढलेल्या कॉइलवर १, २, ३, ४ असं पट्टीवर लिहून चिकटवा, जिथली तिथंच जाऊ द्या, आणि पुढच्या ओळीतली मागं घालायचा विचार करू नका. एखादी कॉइलच खराब असेल असा संशय आला तर मागच्यात मागची बदलून बघा, मिसिंग (म्हणजे मधेच न पेटणं) त्या सिलिंडरला गेलं का.

कॉइल काढल्यावर लगेच प्लगला पाना लावू नका. ही घाई सगळे करतात. प्लगच्या भोकात वर्षांची धूळ बसलेली असते आणि आपली सोलापूरची धूळ म्हणजे नुसती माती नाही, त्यात बारीक खडीपण असते. प्लग सैल झाला की ती सगळी थेट सिलिंडरमध्ये. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालतो, नळी आत सोडून दणादण हवा मारा, डोळ्याला चष्मा लावून.

मग आतून रबर असलेली प्लगची गोटी, लांब एक्स्टेन्शन आणि एक युनिव्हर्सल जॉइंट. जॉइंट शक्यतो वरच्या टोकाला ठेवा, गोटीजवळ ठेवला तर गोटी तिरकी बसते आणि प्लगचं पांढरं चिनी मातीचं अंग तडकतं, ती चीर डोळ्याला दिसतसुद्धा नाही आणि नवीन प्लग मिसिंग करायला लागतो. जुना प्लग पाव फेरा फिरवा. कुईं करून आवाज आला, जड लागला, तर थांबा, परत थोडा आवळा, आटे सोडवायचं तेल दोन थेंब टाका, पंधरा मिनिटं चहा घ्या, मग परत थोडा सैल, थोडा घट्ट, असं करत करत आणा बाहेर. जिथं डोळा पोचत नाही तिथं मोबाईलचा कॅमेरा घाला, लाइट लावून व्हिडिओ काढा आणि बाहेर बघा, आमच्या वेळी दातांच्या डॉक्टरसारखा छोटा आरसा वापरायचो.

नवीन प्लग बसवताना रॅचेटला हातच लावायचा नाही. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या डोक्यावर घट्ट बसवा आणि त्या पाइपनं फिरवत आत घाला. आटे सरळ धरले तर मजेत जातो, वाकडे धरले तर पाइपच घसरतो, जोर लागूच शकत नाही. पाना असता तर तुम्ही जोर लावला असता आणि क्रॉस आटे चढले असते. पाच रुपयाचा पाइप हेड वाचवतो. बोटानं टेकेपर्यंत गेला की मग पाना, आणि नवीन प्लगला वायसर असेल तर टेकल्यापासून अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबायचं, तो वायसर दबला की बास. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, तिथं अगदी थोडंसं, घड्याळात काटा पाच मिनिटं सरकतो तेवढंच. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा. आट्यांना ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट चोपडू नका, आजकालच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतोच, वर पेस्ट लावली की पाना हलका लागतो आणि माणूस नको तेवढं आवळून बसतो.

कुठला प्लग टाकू हे तुम्ही विचारलं नाही पण पुढच्या पत्रात विचाराल. साध्या निकेलच्या प्लगचं आयुष्य २० ते ४० हजार किलोमीटर, इरिडियमचं लाखाच्या आसपास. इरिडियम वितळायला २,४०० अंशाच्या वर तापमान लागतं, निकेल १,४५५ लाच वितळतं, म्हणून इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवता येतं आणि तरी झिजत नाही. पुढं हात पोचतो अशा गाडीत मी कधी इरिडियमचा आग्रह धरत नाही. पण जिथं प्लग बदलायला वायपर उतरवायला लागतात तिथं टाकायचेच, आठही एकाच जातीचे. पैसे प्लगमध्ये जातात ते मजुरीत वाचतात. फक्त त्यांचा गॅप (ठिणगी पडते ती फट) पक्कडीनं वाकवून करू नका, मधलं टोक तुटतं. आणि प्लग ओळखीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊन घ्या, खोटे प्लग बाजारात भरपूर, खोकं बघून तर माझीसुद्धा फसगत होते.

निघालेले आठ प्लग वर्तमानपत्रावर दोन ओळीत मांडा, पुढचे पुढं, मागचे मागं. टोक विटकरी किंवा राखाडी असेल तर इंजिन सुखी आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी रोज नुसती शाळा ते घर दोन किलोमीटर फिरतीय. ओली तेलकट काळी म्हणजे ऑइल वर येतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील. पांढरं फट्ट, फोड आलेलं म्हणजे जास्त तापतंय. आणि टोक ठीक पण प्लगच्या वरच्या अंगाला, भोकातच ऑइल साचलेलं असेल तर घाबरू नका, तिथलं सील किंवा पॅकिंग गेलंय, त्याचा खर्च थोडा आहे. मागच्या चारचे कोपरे गोल होऊन झिजलेले दिसले की समजायचं ते कंपनीतून आले तेव्हापासून तिथंच आहेत. मला असे बरेच भेटलेत.

प्रश्न : मामा, माझी ईको आहे, सीएनजी. मार्केट यार्डातून कांदा-बटाटा उचलून हॉटेलांना देतो. गाडीचं इंजिन सीटखाली, त्यामुळं प्लग बदलायला कुणी तयार होत नाही, झाला तर कुरकुर करतो. मागच्या आठवड्यात एकानं बदलले, तिसऱ्या दिवशी फाट करून आवाज आला आणि एक प्लग कॉइलसकट वर उडाला, सीटखालून धडधड आवाज यायला लागला. आता दुसरा म्हणतोय हेड बदलायला लागेल. खरंय का? धंदा बंद पडलाय.
— एक भाजीवाले, अशोक चौक

उत्तर : मालक, हेड बदलायची घाई करू नका. आटे गेलेत, हेड गेलेलं नाही. एकतर वाकडा चढवला असेल नाहीतर सैल ठेवला असेल, दोन्हीचा शेवट हाच. गेलेल्या आट्यांच्या जागी भोक थोडं मोठं करून, नवीन आटे पाडून, त्यात स्टीलच्या तारेचं स्प्रिंगसारखं अस्तर बसवतात, हेलीकॉइल म्हणतात त्याला. नीट बसवलं तर मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत होतं. दुसरा प्रकार सरळ नळीचा, पक्क्या बुशाचा, तो महाग पण प्लगसाठी मला तोच जास्त आवडतो. अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडं लेथवाले आहेत त्यांच्याकडं चौकशी करा, पण अट एकच घाला. भोक पाडताना चुरा सिलिंडरमध्ये पडणार नाही याची काळजी कशी घेणार ते आधी विचारा. जो म्हणेल टॅपच्या (आटे पाडायचं हत्यार) खाचांत ग्रीस भरतो, दर दोन फेऱ्याला बाहेर काढून पुसतो, आणि शेवटी बारीक नळीनं हवा मारून आतलं ओढून घेतो, त्याच्याकडं द्या. जो म्हणेल काय होत नाही मालक, त्याला नमस्कार करून पुढं जा.

कुणी तयार होत नाही म्हणता, पण ईकोचं प्लगचं काम खरं सांगायचं तर अवघड नाही, अवघडल्यासारखं आहे. पुढची सीट वर करायची, झाकण उघडायचं, आणि दरवाजात गुडघे टेकून, मान वाकडी करून काम करायचं. कंबर मोडते हे खरं. ओम्नी होती तेव्हापासून हेच चाललंय, तिला ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तीन प्लग, तिथं निदान जागा तरी होती.

तुमच्या धंद्याच्या गाडीत एक जास्तीची भानगड मी डोळ्यानं बघितलीय. कांद्याच्या एका गाडीचं सीटखालचं झाकण उघडलं तर आत कांद्याची टरफलं. पोती घासून घासून ती सीटच्या फटीतून खाली जातात, इंजिनच्या उष्णतेनं वाळून कागदासारखी होतात आणि प्लगच्या भोकाभोवती गोळा होतात. पहिला प्लग काढायच्या आधी मी मूठभर टरफलं काढली, पोरगं म्हणालं मामा फोडणी देऊ का. पुढच्या वेळी मेकॅनिकला सांगा, आधी ब्रश, मग हवा, मग पाना.

आणि सीएनजी असल्यामुळं तुमचे प्लग पेट्रोलवाल्यांपेक्षा लवकर झिजणार. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप जरा जरी वाढला की कॉइलवर ताण, मग मिसिंग, मग कॉइल जाते आणि ती प्लगच्या कितीतरी पट महाग. त्यामुळं गाडी बरी चालतीय म्हणून प्लग पुढं ढकलत बसू नका, आणि गॅप सीएनजीचा जो सांगितलाय तोच ठेवा, पेट्रोलपेक्षा थोडा कमी असतो.

प्रश्न : मामा मी इंजिनिअरिंगला आहे, बाबांची जुनी पल्सर १५० चालवतो. सर्व्हिसिंगला टाकली की बिलात दरवेळी स्पार्क प्लग १ नग असतं. पण टाकीवर तर ट्विन स्पार्क म्हणून स्टिकर आहे. मग दुसरा कधीच खराब होत नाही का?
— विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : बाळा, तू पहिला असशील ज्यानं बिल वाचलं. वरच्या सिटीवाल्या सरांचंच दुखणं तुझ्या गाडीला, फक्त दोन चाकावर. २००३ ला पल्सरला डीटीएस-आय आलं तेव्हापासून त्या इंजिनला दोन प्लग. एक उघड्यावर, लगेच दिसतो. दुसरा चेनच्या बाजूला खोल नळीत, टोपी काढली तरी नुसतं काळं भोक दिसतं. त्याला लांब, पातळ भिंतीचा प्लग पाना लागतो, साधा जाड पाना त्या नळीत घुसतच नाही, आणि जोरात घुसवला तर नळीचं रबर फाटतं. मग तिथून ऑइल झिरपायला लागतं आणि प्लगची टोपी ऑइलमध्ये पोहते.

आज संध्याकाळी गाडी गार झाली की दोन्ही काढ आणि शेजारी शेजारी ठेव. एक लखलखीत आणि एक बाबांच्या लग्नातला निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. दोन्ही एकदम बदल, एकाच नंबरचे. तुझ्या कुणा मित्राची २०० एनएस असेल तर त्याला सांग, तिला तीन आहेत.

प्रश्न : मामा, स्कूटर पावसात भिजली की चालू होत नाही. शेजारच्या काकू म्हणतात प्लग पुसून बघ. पण स्कूटरला प्लग आहे कुठं? सगळीकडून प्लॅस्टिकच आहे.
— गृहिणी, होटगी रोड

उत्तर : ताई, काकूंचा सल्ला जुना पण चांगला आहे. बऱ्याच स्कूटरना सीटखाली, पाय ठेवायच्या जागेच्या मागच्या भिंतीत एक छोटं झाकण असतं, एकदोन स्क्रू काढले की निघतं. आत हात घाला, काळी रबरी टोपी लागेल, ती टोपीला धरून ओढा, वायरला धरून नाही. टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा, परत टच्चकन आवाज येईपर्यंत दाबून बसवा, निम्म्या वेळा एवढ्यातच चालू होते. नाही झाली तर टूलकिटमधला नळीसारखा पाना आणि आडवी सळई, त्यानं प्लग काढून पुसा. बांगड्या काढून ठेवा, त्या फटीत सगळं पत्र्याचं आहे आणि एका ताईंची पाटली आत अशी अडकली होती की आधी स्कूटर सोडवावी का पाटली हेच कळेना.

प्लग कोरडा असून, बदलून पण पावसात दरवेळी असंच होत असेल तर टोपीच्या रबराला चीर गेलीय. अंधारात स्कूटर चालू करून बघा, चीर असेल तर निळसर ठिणगी बाहेर उडताना दिसते. लांबूनच बघायचं, चालू इंजिनवर टोपीला हात लावायचा नाही, करंट जबरदस्त बसतो.

प्रश्न : बोलेरो आहे, डिझेल. सगळे प्लग बदला प्लग बदला म्हणतात, मीपण दोनदा विचारलं, मेकॅनिक हसतो आणि जातो. असं का करतोय?
— शेतकरी, मोहोळ

उत्तर : अण्णा, तो तुमच्यावर हसत नाही. डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते आणि डिझेल पडलं की पेटतं, ठिणगी लागत नाही. हीटर प्लग म्हणून असतो तो सकाळी गार इंजिन चालू करताना आतली हवा तापवायला, पेन्सिलीसारखा बारीक. गाडी सकाळी एका झटक्यात चालू होत असेल तर त्याला हात लावायलाच सांगू नका, कारण तो जाम झालेला असतो आणि जोर लावला की हेडमध्येच तुटतो, मग प्लगच्या नादात हेड खोलायची वेळ. चालू व्हायला खरंच त्रास देत असेल तर काढायच्या आधी दोन दिवस रोज तेल सोडायला सांगा, आणि इंजिन कोमट असताना काढू द्या. हो, इथं उलटं आहे, सिटीवाल्या सरांना गार सांगितलं आणि तुम्हाला कोमट सांगतोय, पत्रं एकमेकांची वाचून गोंधळ करू नका.